दहा मण्यांची माळ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. सौ. केसरअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. डब्याच्या खालच्या कप्प्यात भाजीऐवजी कागद निघाला म्हणून दचकू नका. तुमचे बंधू दौलताबादच्या वीज कार्यालयात जातात आणि रोज दुपारी तुमच्याच ओसरीवर बसून जेवतात, म्हणून त्यांच्याच हाती हे पाठवते आहे. खालचा कप्पा अक्कांचा, उघडायचा नाही, असं त्यांना बजावलं आहे. फोनच करणार होते, पण तुमच्या घरी फोन एक, आणि तुमच्या सासूबाईंना ऐकू कमी येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. मला सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही.

परवा शाळेत झेंडावंदन झालं. मी पडले ग्रंथपाल, त्यामुळे जागा पहिल्या ओळीत, मुख्याध्यापिकांच्या शेजारी. राष्ट्रगीताच्या शेवटच्या दोन ओळी उरल्या आणि मला शिंक आली. अक्का, शिंक एकच आली, पण ती एकटी आली नाही. सावधानमध्ये उभी राहून मी देशाची आणि स्वतःची, दोघांचीही अब्रू राखायचा प्रयत्न केला. देशाची राहिली. मग हजेरीपट मागे धरून खेकड्यासारखी तिरकी चालत वाचनालय गाठलं आणि दाराला कडी घातली.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. पाळी जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून अंगातून वाफा येतात, झोप उडते, आणि हे तिसरं. शेवटी गेल्या महिन्यातच बायकांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी गोळ्या न देता फिजिओथेरपीच्या मोनिका मॅडमकडे धाडलं. मला वाटायचं, फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि मान. या मॅडम ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम शिकवतात. वय असेल अठ्ठावीस, पण लाज म्हणून कशाची नाही. मलाच दोन दिवस लाज पुरली, मग संपली.

आता तुमच्याबद्दल. यंदा राखी बांधायलाही तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, यांच्या डब्याजवळच उरकलीत. पोटच्या लेकीच्या, सायलीच्या डोहाळजेवणाला पुण्याला गेला नाहीत. गुडघा दुखतो म्हणालात. मागच्या आठवड्यात मी आले तेव्हा तुम्ही सीताफळाच्या झाडांखाली तासभर उकिडव्या बसून गवत काढत होतात. चार तासांत पाणी मात्र एक घोटही प्यायला नाहीत आणि घरात जाऊन आलात तीनदा. अक्का, गुडघ्याचं दुखणं असं नसतं.

राग आला तर खुशाल रागवा, पण खरं ते लिहा. लोभ आहेच, तो रागावूनही कमी होऊ नये.

आपली,
रत्नमाला


दौलताबाद
दि. २० ऑगस्ट २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, वांग्याच्या रश्शासकट. झाकण नीट बसवत जा.

वाचून मला फार राग आला. थोरल्या नणंदेच्या पाण्याचे घोट मोजायचे, हे तुला कुणी शिकवलं? मला तसलं काही नाही. आमच्यात कुणालाच नाही. गुडघा दुखतो म्हणजे दुखतो, आणि तो कधी दुखायचा हे तो ठरवतो. गवत काढताना तो दुखत नाही, त्याला मी काय करू? तुझं झेंडावंदन ऐकून वाईट वाटलं. वाचताना हसू आलं म्हणून उठून आत जावं लागलं, तो भाग वेगळा.

जेवता जेवता सोमनाथ विचारत होता, की आपल्या दोघींचं काय चाललंय. मी म्हटलं, लोणच्याचं.

बाकी ठीक. लोभ आहे, तो पाणी मोजण्यात घालवू नकोस.

तुझी,
केसरअक्का

ता. क. रत्ना, सोमनाथ ओसरीवर वामकुक्षी करतोय, तेवढ्यात लिहिते. मागच्या दिवाळीला मी पहिल्यांदा सायलीच्या घरी पुण्याला गेले होते. लग्न तिनं आपल्या मनानं केलेलं, मी आधी फुगले होते हेही खरं, पण घर बघून आणि आकाशरावांना बघून सगळा फुगा उतरला. परत येताना बस थांबेना. कंडक्टरला विचारायची लाज. घाट आला, धक्के बसले, आणि मग जे व्हायचं ते झालं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या अंगावर मी मुद्दाम पाण्याची बाटली सांडली, म्हणजे सगळंच ओलं. बिचारे मलाच सॉरी म्हणाले. ते लुगडं मी घरी आणलंच नाही. त्या दिवसापासून मी पडेगावच्या पुढं गेले नाही.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला सायलीचे दिवस भरतात. डॉक्टरनं तिला प्रवास बंद केलाय, तेव्हा बाळंतपणाला मीच तिकडं जायला पाहिजे. पहिलटकरीण आहे. तिला वाटतं आई अजून लग्नावरून रुसलीय. मी तिला काय सांगू?

तुझ्या त्या मॅडमला एवढं विचार, की रोज किती वेळा करायचं.


उस्मानपुरा
दि. २४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझाही नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, आणि दोन्हींत कोरडी राहिले. व्यायामाला तीन आठवडे झाले, त्याचाच हा गुण.

मॅडमनी टेबलावर प्लास्टिकचं कमरेचं हाड ठेवून मला दाखवलं. म्हणाल्या, याच्या तळाला पुढून मागे एक झोळी बांधलेली असते, असं समजा. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, आतडं, सगळ्यांचा भार तिच्यावर. बाळंतपणं झाली, पाळी गेली, की ती सैलावते. मग खोकला, शिंक, हसू, काहीही आलं की वरून धक्का बसतो आणि झोळी तो झेलू शकत नाही.

व्यायाम असा. चार पाहुण्यांत बसल्यावर वारा सुटू नये म्हणून आपण आतून जसं आवळून धरतो, तसं धरायचं. पाच मोजायचे. मग सोडून द्यायचं आणि दहा मोजेपर्यंत स्वस्थ बसायचं. श्वास रोखायचा नाही. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाणी तोडायचं नाही, त्यानं जळजळ आणि घाई उलट वाढते. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं.

मॅडम मात्र म्हणतात की तपासल्याशिवाय सुरू करू नका, प्रत्येकीचं दुखणं वेगळं. शनिवारी या ना. सोळा किलोमीटर तर आहे.

लोभ असावा, आणि पाण्याचा तांब्या जवळ असावा.

आपली,
रत्नमाला


दौलताबाद
दि. ५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येणं काही जमलं नाही. सोळा किलोमीटर तुला थोडे वाटतात, मला ते खड्ड्यांनी मोजावे लागतात. व्यायाम मात्र मी त्याच दिवशी सुरू केला, आणि इथंच घोळ झाला.

सकाळी देवघरासमोर डोळे मिटून बसले होते. घरात तेवढीच एक जागा आहे जिथं बाईला कुणी उठवत नाही. आकडे चुकू नयेत म्हणून हातात माळ घेतली. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि विचारलं, हे काय. माझ्या तोंडून निघून गेलं की व्रत आहे. कोणाचं, तर म्हटलं, मौनाचं. आमच्या या दगडाबाई म्हणजे साऱ्या आळीचं वर्तमानपत्र. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीला त्यांनी सांगितलं, की आमची सून तीन त्रिकाळ कडक व्रत करते, चेहरा बघा कसा तेजानं लाल झालाय. तो लाल कशानं झाला हे मला माहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मनकर्णाबाई पाट घेऊन हजर. म्हणाल्या, मी पण करते. त्यांना नुसतं बसवायचं तरी कसं? शेवटी कानात सांगितलं, की आतून असं असं धरायचं. त्यांनी मान डोलावली आणि एक शब्द न विचारता बसल्या. आता रोज संध्याकाळी सहा बायका बसतात. सगळ्यांचे डोळे मिटलेले, भुवया वर, तोंडं गच्च. कुणी विचारतं नैवेद्य काय, कुणी विचारतं कहाणी काय, उद्यापन कधी. उद्यापन दहा नोव्हेंबरच्या आत, असं मी सांगून टाकलंय.

सासूबाई समोर बसून लक्ष ठेवतात. माळ अर्धी सोडून उठलेलं त्यांना चालत नाही. तेव्हा माझ्याकडून कसूर नाही, एवढं तुझ्या मॅडमला सांग.

आशीर्वाद आहेतच. लोभाला उद्यापन नसतं.

तुझी,
केसरअक्का


दौलताबाद
दि. १६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अनेक आशीर्वाद.

तुझं हसून लिहिलेलं पत्र मिळालं. मला आता हसायला येत नाही.

तीन आठवडे झाले, गुण तर नाहीच, उलट वाढलं. पूर्वी शिंकेला व्हायचं, आता जिना उतरताना होतं. कंबर भरून येते, ओटीपोटात गोळा आल्यासारखं दुखतं, बसवत नाही. मी म्हणून तीन वेळा चुकवत नाही, एरवी कधीच सोडलं असतं. काही जणींना गुण येतो, काहींना नाही, माझं नशीब दुसऱ्या ओळीतलं.

काल सायलीचा फोन आला. स्पीकरवर, सासूबाई, मनकर्णाबाई, सोमनाथ, सगळे बसलेले. पोरगी सरळ म्हणाली, "आई, तुला आकाश आवडत नाहीत म्हणून तू येत नाहीस ना? एकदा तोंडानं सांग, मी परत विचारणार नाही." रत्ना, माझ्या जिभेवर खरं आलं होतं. पण एवढ्या माणसांत काय बोलू? मी म्हटलं, गुडघा. तिनं फोन ठेवला.

तिच्या सासूबाईंना बोलावून घे म्हणावं. तू कळव, मला कळवणं होणार नाही.

केसरअक्का


उस्मानपुरा
दि. १७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, हे डब्यासाठी दारात उभे आहेत. तुमचं आधीचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि एका जागी अडकले. तुम्ही लिहिलंय, माळ अर्धी सोडता येत नाही. अक्का, माळेत मणी एकशे आठ असतात. मी दहा लिहिलं होतं. तुम्ही एका बैठकीला एकशे आठ वेळा करता का? आणि तेही तीनदा?

असं असेल तर रोजचे तीनशे चोवीस झाले. मी मॅडमना फोन करून विचारलं. आकडा त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, मग म्हणाल्या, त्यांना ताबडतोब थांबवा आणि घेऊन या.

शनिवारी सकाळी नऊला हे शेजाऱ्यांची गाडी घेऊन येतील. वाटेत पडेगावला माझ्या मैत्रिणीकडे पाच मिनिटं थांबायचं, तिला सांगून ठेवलंय. सायलीला मी काहीही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. ते काम तुमचं.

आपली,
रत्नमाला


दौलताबाद
दि. २३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बाहेर बाकावर बसली होतीस. आत काय झालं ते गाडीत सोमनाथपुढं सांगता येईना. तो बिचारा सारखा विचारत होता, की लोणच्यासाठी डॉक्टर कशाला.

मॅडमनी आधी सगळं विचारलं, तपासू का म्हणून परवानगी घेतली, मग तपासलं. मी छताकडं बघून मनात मारुतीस्तोत्र म्हणत होते. त्या म्हणाल्या, आता धरा. मी धरलं. म्हणाल्या, आता सोडा. मी सोडलं. त्या म्हणाल्या, सोडा ना. मी म्हटलं, अहो सोडलंय की. तेव्हा हातातले मोजे काढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला धरायला शिकवायची गरजच नाही. तुम्हाला सोडायला शिकवावं लागेल."

मूठ दिवसभर आवळून ठेवली तर संध्याकाळी तिच्यानं फूलही उचलत नाही, तसं माझं झालंय म्हणे. दमलेला स्नायू ऐनवेळी धरत नाही. आता पंधरा दिवस धरायचंच नाही. उताणं पडून पोटानं सावकाश श्वास घ्यायचा आणि खालचं सगळं सैल सोडायचं, एवढंच. मग त्या बघून दहा-दहा सुरू करणार.

तुला खरं सांगू? तिथं पडल्या पडल्या मला रडू आलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळे मला म्हणतात धर. पदर धर, धीर धर, तोंड धर. सोड असं म्हणणारी ही पहिलीच.

आता आळीतल्या बायकांची फसवणूक माझ्या मनाला खाऊ लागली. काल घटस्थापनेला सगळ्या जमल्या तेव्हा मनाचा हिय्या केला आणि सांगून टाकलं, की हे व्रत नाही, हा व्यायाम आहे, आणि अमक्यासाठी आहे. एकशे आठ करू नका, एकदा दाखवून या. मला वाटलं आता पाट उचलून चालत्या होतील. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आगं मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. आरती नाय, परसाद नाय, असलं कंचं व्रत आसतंय? पर गुण यायला लागला, म्हणून गप बसले." त्या दहाच्या वर कधी गेल्याच नव्हत्या म्हणे, पुढं नुसती माळ ओढायच्या. बाकीच्या चौघींनीही तेच कबूल केलं. एकशे आठ प्रामाणिकपणे करणारी आळीत मी एकटीच.

सासूबाईंना एरवी ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही, हे मात्र सगळं ऐकू गेलं. त्यांनी घटाजवळची समई सारखी केली. मग म्हणाल्या, "मला तीस वर्सं हाय ते. आता या वयात उपेग व्हईल का, इचार त्या पोरीला." रत्ना, तीस वर्षं एका घरात राहून गेलं वर्षभर आम्ही दोघी एकाच कारणासाठी लग्नाकार्यातून लवकर उठत होतो, आणि एकमेकींना घमेंडखोर समजत होतो. विचार मॅडमला.

लोभ सैल सोडू नकोस, बाकी सगळं सोडलं तरी.

तुझी,
केसरअक्का


दौलताबाद
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं पाठवतेय. तुझी मामी म्हणते की जे काम माझं ते मीच करावं.

माझा गुडघा धडधाकट आहे. आकाशरावांवर माझा राग नाही, कधीच गेला. मी तुझ्याकडं यायचं टाळत होते, कारण बसमध्ये मला लघवी धरवत नाही. मागच्या दिवाळीला परतताना फजिती झाली आणि मी घाबरले. लेकीच्या सासरी, नव्या गादीवर, काही झालं तर काय तोंड दाखवू, या भीतीनं मी तुला रुसलेली वाटू दिलं. रुसलेली आई बरी, पण हसं झालेली नको, असं मला वाटलं. चूक झाली. तू माझ्या मनातलं ओळखावंस अशी अपेक्षा करणं म्हणजे स्पीकरवर कुजबुजण्यासारखं आहे.

आता मी उपचार घेतेय. गेल्या आठवड्यात शिंकले चार वेळा, निभावलं तीनदा. भाऊबीज झाली की निघते. घरात कुणाला सांगायचं ते तुझं तू ठरव.

लोभ होताच, आहेच. पोटातल्याला पण सांग.

तुझी,
आई


पुणे
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर कळलंच असेल, मुलगी झाली. नाक आपल्या दगडाबाईंचं आहे, आवाजही. बाळ-बाळंतीण खुशाल. इथून जायला तुझा डबा नाही, म्हणून तिकीट लावून पत्र.

प्रवासाची हकिकत राहिली होती ना. सायलीला पत्र पोचल्यावर तिचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, आई, आम्ही घ्यायला येतो. मी म्हटलं, नको, मी बसनंच येणार. त्या बसशी माझा हिशेब बाकी होता. पाच दिवसांनी पोस्टानं एक पाकीट आलं. आत आकाशरावांच्या अक्षरात एक कागद. संभाजीनगर ते पुणे वाटेत कुठं कुठं थांबता येतं, कुठली बायकांची जागा स्वच्छ, कुठं पाणी असतं, कुठं कडी नीट लागते, सगळं ओळीनं लिहिलेलं. आदल्या रविवारी गाडी काढून तेवढ्यासाठी येऊन गेले, म्हणे. कडी लागते की नाही हे कसं पाहिलं ते मी विचारलं नाही. कागदाखाली दुसरा एक शब्द नव्हता. रत्ना, जावयानं सासूला काय काय द्यायचं याच्या याद्या आपल्याकडं खूप आहेत, त्यांत हे कुठंच नाही. मी तो कागद देवघरात ठेवला आणि मग भानावर येऊन पर्समध्ये घातला.

बसमध्ये बसल्या बसल्या कंडक्टरला सांगितलं, की मला दोनदा उतरावं लागेल. मला वाटलं सगळी बस वळून बघणार. कंडक्टर म्हणाला, बरं मावशी. एवढंच. या दोन शब्दांसाठी मी एक वर्ष घरात बसले होते. आणि बस थांबली तेव्हा माझ्या मागून अकरा बायका उतरल्या. घाटात थोडं निसटलं, खोटं कशाला सांगू, पण मी तयारीनिशी होते. मॅडम म्हणतातच, अजून दोन-तीन महिने लागतील.

निघताना सासूबाईंनी हातात एक पुडी दिली. त्यांनी आपल्या तुळशीच्या माळेचा दोरा तोडून नवी ओवलीय. मणी फक्त दहा. म्हणाल्या, "उगा जास्त नगं करू. उरल्यात ते समदे मला ठिवल्यात, मी बी रोज दहा वढती." त्यांना मोनिका मॅडमकडं न्यायचं काम तुझ्यावर सोपवते. मारुतीस्तोत्र पाठ आहे त्यांना.

काल दुपारी गंमत झाली. बाळाला मांडीवर घेऊन मी तुझ्या झेंडावंदनाची गोष्ट सायलीला सांगितली, रागावू नकोस. ती आधी खूप हसली, मग एकदम सावरून बसली. चादर ओढून घेतली आणि म्हणाली, आई, बास, हसवू नकोस, टाके दुखतात. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. टाके असे दुखत नाहीत. तो चेहरा मी वर्षभर आरशात पाहिलाय.

पर्समधली माळ काढली आणि तिच्या हातात ठेवली. सांगितलं, की आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारू, त्या हो म्हणाल्या की सुरू कर. तोवर नुसतं सोडायला शीक, ते माझ्याकडून. ती माळेकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ दचकून रडायला लागलं. चादरी दोन बदलल्या. एक सायलीची आणि एक बाळाची.

माझी कोरडी होती.

लोभ असू दे. आता तो स्पीकरवर सांगितलास तरी चालेल.

तुझी,
केसरअक्का